शब्दाचा दासोह आणि शब्दाची मालकी



बाराव्या शतकातील शिवशरणांच्या मेळ्यात आयदक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांचे स्थान वेगळे आहे. कन्नडमध्ये अक्की म्हणजे तांदूळ आणि आय म्हणजे वेचणे. मारय्यांचे कायक त्यांच्या नावातच आले आहे. महात्मा बसवेश्वरांच्या महामनेत नित्य जंगमांचा दासोह चाले, पोत्यांनी धान्य येई, आणि त्या अंगणात सांडलेले दाणे मारय्या वेचून घरी आणीत. त्यातून लक्कम्मा स्वयंपाक करी, जंगमास अर्पण करी आणि मग दोघे प्रसाद घेत. एके दिवशी मारय्यांनी रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्मेने ते पाहिले आणि जास्तीचे दाणे जिथून आणले तिथे परत टाकून या, असे पतीला सांगितले. ही कथा आपल्यापैकी प्रत्येकाने प्रवचनात ऐकलेली आहे.

या कथेचे विवरण आपण नेहमी अपरिग्रहाच्या अंगाने करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. सांडलेला तांदूळ कोणाचा? अंगण बसवण्णांचे, पोती दासोहाची, धान्य कुणा शेतकऱ्याच्या घामाचे. मारय्यांनी दाणा उचलताना कोणाची परवानगी घेतली असे कथेत कुठेही येत नाही. त्यांना कोणी चोर म्हटले नाही. आणि तरीही घरच्या गृहिणीने त्यांना अडवले. म्हणजे या कथेत उचलण्याला मर्यादा आहे, परंतु ती मर्यादा मालकाने घातलेली नाही. ती वेचणाऱ्याच्या घरातून आलेली आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवून आजच्या विषयाकडे यावे, अशी वाचक शरणांना विनंती आहे.

गेल्या वर्षभरात मठाकडे अशी पत्रे येत आहेत की, येथील बाडे आणि या मासिकाचे जुने अंक छायाचित्रित करून संगणकाला वाचू द्यावेत. पत्रे लिहिणारे अभ्यासक आहेत. कोणाला मराठीतील वीरशैव-लिंगायत वाङ्मयाची शब्दसूची करायची आहे, कोणाला कन्नड वचनांतील पारिभाषिक शब्द मराठीत येताना कसे बदलले ते पाहायचे आहे. यंत्र हजारो पृष्ठे एका बैठकीत चाळते, कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या शेजारी किती वेळा येतो ते सांगते, दोन हस्तलिखितांतील फरक दाखवते. इंग्रजी परिभाषेत या कामाला खाणकाम म्हणतात. ही उपमा आम्हांस रुचत नाही. खाण खोदली की रिकामी होते, डोंगर बोडका होतो. ग्रंथ कितीही चाळला तरी त्यातले एक अक्षर कमी होत नाही. आपल्या परंपरेत या कामाला वेचणी म्हणणे अधिक शोभेल.

पत्रे वाचून दाखविल्यावर सद्भक्तांत मतभेद झाला. काहींना आनंद झाला. काहींनी स्पष्ट विरोध केला: आपल्या पूर्वजांचे धन परक्या यंत्राच्या पोटात का घालायचे? विरोध करणारे अज्ञानी नाहीत. त्यांच्यात एक वकील आहेत, आणि त्यांनी कायद्याचा जो मुद्दा मांडला तो समजून घेण्यासारखा आहे.

मनुष्य पुस्तक वाचतो तेव्हा त्याला कोणाचीही परवानगी लागत नाही. विकत घेतलेले किंवा ग्रंथालयातून आणलेले पुस्तक त्याने वाचावे, टिपणे काढावीत, शब्द मोजावेत. जगातला कोणताही कायदा त्याला अडवीत नाही. यंत्राला मात्र वाचण्यासाठी आधी प्रत करावी लागते. पानाचे छायाचित्र घ्यायचे, त्यातील अक्षरे ओळखायची, ती साठवायची, मग शब्द सुटे करायचे. आणि प्रत करण्याचा अधिकार आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ग्रंथकर्त्याला किंवा त्याच्याकडून हक्क घेणाऱ्याला दिला आहे. त्यामुळे माणसाने वाचले तर वाचन, आणि यंत्राने वाचले तर नक्कल, असा विचित्र भेद उत्पन्न होतो. आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपवाद आहेत. खाजगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी, संशोधन धरून, केलेला रास्त व्यवहार हा हक्काचा भंग मानला जात नाही. परंतु यंत्राकडून होणाऱ्या वेचणीचा नामोल्लेख त्यात नाही, आणि एखाद्या विद्यापीठाने लक्षावधी पाने चाळली तर ते वैयक्तिक संशोधन ठरते काय, याचे उत्तर कलमाच्या शब्दांत सापडत नाही.

इतर देशांनी या बाबतीत निरनिराळे मार्ग काढले आहेत. ब्रिटनने २०१४ मध्ये असा अपवाद केला की, ज्याला ग्रंथ वाचण्याचा वैध अधिकार आहे त्याने व्यापारी हेतू नसलेल्या संशोधनासाठी त्याचे संगणकीय विश्लेषण करावे. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात संशोधन संस्था, ग्रंथालये व संग्रहालये यांना ही मोकळीक दिली, आणि प्रकाशकाने करारपत्रात मनाई लिहिली तरी ती मनाई चालणार नाही असेही म्हटले. इतरांसाठीही तेथे वाट ठेवली आहे, पण ग्रंथकर्त्याने हक्क राखून ठेवल्याचे जाहीर केले तर ती वाट बंद होते.

जपानने २०१८ मध्ये आपल्या कायद्यात केलेली दुरुस्ती मात्र आमच्यासारख्या संस्कृत पाठशाळेत वाढलेल्याला थांबून पाहायला लावते. तेथील कायदा विचारतो की, या उपयोगात ग्रंथातील विचारांचा वा भावनांचा आस्वाद घेण्याचा हेतू आहे काय? आस्वादाचा हेतू नसेल, केवळ विश्लेषण असेल, तर सामान्यतः परवानगीची गरज नाही. ग्रंथकर्त्याच्या हिताला अकारण बाधा पोहोचू नये एवढीच अट. ज्या आस्वादाची चर्चा अभिनवगुप्तांनी नाट्यशास्त्राच्या टीकेत केली, तोच शब्द आज टोकियोच्या विधिमंडळातून फिरून आपल्यापुढे यावा याचे कौतुक वाटते. आणि भेद खराच आहे. यंत्राने अक्कमहादेवींच्या वचनांतील प्रत्येक शब्द मोजला तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. अनुभावाविना शब्द पोकळ, हे तर शरणांनी वारंवार बजावले आहे. मग ज्या वाचनात रस नाही, भक्ती नाही, बोध नाही, त्या वाचनाने ग्रंथकर्त्याचे नेमके काय नेले?

हाच विचार भारतातही एका वेगळ्या रूपाने पुढे आला. कार्ल मालमूद या अमेरिकन गृहस्थांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील सहकाऱ्यांसह सुमारे ७.३ कोटी शास्त्रीय लेखांचा एक साठा उभारला. २०१९ मध्ये त्याची वार्ता जगभर झाली. या साठ्याची योजना अशी की, कोणाही माणसाला त्यातील लेख उघडून वाचता येऊ नये, उतरवून घेता येऊ नये. केवळ यंत्राने तो चाळावा आणि निष्कर्ष बाहेर द्यावा. वनस्पतींतील सुगंधी तेलांची माहिती हजारो लेखांतून गोळा करणाऱ्या संशोधकांना ती हाताने वेचण्यात किती काळ जातो, याची कल्पना केली म्हणजे या धडपडीचे कारण कळते. प्रकाशकांची परवानगी घेतलेली नव्हती. हे धाडस कायद्यात बसते की नाही यावर जाणकारांत दोन तट पडले.

आता थोडे आमच्या गावाविषयी. जयेंद्रगंजात बसून परवानगीवाचून घेतलेल्या विद्येविषयी लिहायचे आणि ग्वाल्हेरच्या गायकीची आठवण काढायची नाही, हे शक्य नाही. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ नावाचे थोर गवई होते. त्यांच्या तानेला तोड नव्हती आणि ती विद्या ते कोणाला देत नसत. हद्दू खाँ व हस्सू खाँ हे दोघे तरुण बंधू. महाराजांच्या संमतीने त्यांना पडद्याआड बसवून खाँसाहेबांचे गाणे ऐकवण्यात आले, आणि त्यांनी ती सर्व तानबाजी गळ्यात उतरवली, असे परंपरा सांगते. पुढे भर दरबारात दोघे गायले तेव्हा खाँसाहेबांच्या मनाला फार लागले. या कथेचा शेवट दुःखद सांगतात. हस्सू खाँच्या अकाली मृत्यूचा संबंध त्या तानेशी जोडतात. इतिहास म्हणून यातील किती धरावे हे जाणत्यांनी ठरवावे. परंतु एवढे निश्चित की, हद्दू-हस्सूंच्या परंपरेतून वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आणि त्यांच्याकडून विष्णु दिगंबर पलुस्कर, अशी ख्यालाची गंगा महाराष्ट्रात आली.

मग त्या पडद्याआडच्या श्रवणाला चोरी म्हणावे काय? ऐकण्याने बडे महंमद खाँचा गळा रिकामा झाला नाही. त्यांची तान त्यांच्याकडे होतीच. त्यांना जे लागले ते निराळे होते: आडून ऐकले, आणि नाव न सांगता गायले. पडदा नसता, समोर बसून ऐकले असते आणि आधी उस्तादांचे नाव घेऊन कानाला हात लावला असता, तर कथा बदलली असती. गवयांत आजही गुरूचे नाव उच्चारताना कानाच्या पाळीला हात लावतात. आमच्या मते दोष श्रवणात नव्हता, पडद्यात होता. पुढे पंडित भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा मिळवल्या, त्या क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या आणि माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९१८ मध्ये ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय उघडले. कोंडलेली विद्या वर्गात आली.

आपल्या संप्रदायात हे कार्य डॉ. फ. गु. हळकट्टी यांनी केले. विजापूरचे हे वकील. वचनांच्या ताडपत्री पोथ्या तेव्हा घराघरांतून, मठामठांतून देव्हाऱ्यात ठेवलेल्या असत. त्यांना हळद-कुंकू वाहिले जाई, परंतु उघडून वाचणारे विरळा. हळकट्टींनी दारोदार फिरून त्या मिळवल्या, ताडून पाहिल्या, उतरवल्या. १९२३ मध्ये बेळगावात ‘वचनशास्त्रसार’ हा ग्रंथ छापून निघाला. पुढे राहते घर विकून त्यांनी ‘हितचिंतक’ नावाचे मुद्रणालय काढले आणि १९२६ पासून ‘शिवानुभव’ हे पत्र चालवले. त्यांच्यापूर्वी पन्नासेक वचनकारांची नावे ठाऊक होती. त्यांच्या शोधाने ती संख्या दोनशेच्या वर गेली. पोथ्यांच्या धन्यांनी त्या वेळी म्हटले असते की, हे आमच्या पूर्वजांचे धन आहे, ते यंत्राच्या पोटात घालू नका, तर? छापखाना हेही त्या काळचे यंत्रच होते. आणि ही शंका तेव्हाही अनेकांनी घेतलीच होती.

हळकट्टी २९ जून १९६४ रोजी लिंगैक्य झाले. आपल्या कायद्याप्रमाणे ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतरचे वर्ष सुरू झाल्यापासून साठ वर्षे हक्क चालतो. म्हणजे त्यांच्या प्रस्तावना, त्यांची विवरणे, त्यांची मांडणी हे सर्व १ जानेवारी २०२५ पासून सर्वांसाठी मोकळे झाले. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यांच्या ग्रंथांची पन्नास वर्षे संपत आली तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ केली गेली. एका महाकवीच्या ग्रंथांसाठी झालेल्या या वाढीने हळकट्टींचे विवेचनही आणखी दहा वर्षे कुलपात राहिले, अन्यथा ते २०१५ मध्येच मोकळे झाले असते. ज्यांनी घर विकून वचने छापली त्यांना हे कुलूप हवे होते असे मानायला आम्ही तयार नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. वचने स्वतः बाराव्या शतकातली. त्यांवर कोणाचाही कायदेशीर हक्क नाही. परंतु कर्नाटक शासनाने १९९३ मध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली काढलेल्या समग्र वचन संपुटाच्या १५ खंडांत जो पाठ आहे तो विद्वानांच्या अनेक वर्षांच्या श्रमांतून ठरलेला आहे. टीपा व प्रस्तावना संपादकांच्या, यात वाद नाही. पण ठरवलेला पाठ कोणाचा? तो वचनकाराचा, की ज्याने झिजलेल्या ताडपत्रावर ‘ल’ की ‘ळ’ याचा निर्णय केला त्याचा? सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये, न्यायनिर्णयांच्या संपादित प्रतींच्या संदर्भात, केवळ श्रम पुरेसे नाहीत, काहीएक बुद्धिकौशल्य व निर्मिती दिसली पाहिजे असे सांगितले. पाठनिश्चितीत बुद्धिकौशल्य निःसंशय आहे. तरीही ज्याचे सारे यश स्वतःचे काहीही न मिसळण्यात आहे, अशा कामाला निर्मिती म्हणावे काय, हे आम्हांस कोडेच वाटते. उत्तम संपादक तो की ज्याचा हात दिसत नाही. त्याचे काम कायक आहे, आणि कायकाला मान व उपजीविका दोन्ही मिळाली पाहिजेत. परंतु कायक करणारा वचनाचा मालक होत नाही, जसा मारय्या तांदळाचा मालक झाला नाही.

आता या वेचणीतून निघते काय, तेही पाहू. कर्नाटकातील काही तरुणांनी प्रा. ओ. एल. नागभूषणस्वामी यांच्या मार्गदर्शनाने ‘वचन संचय’ या नावाने वीस हजारांहून अधिक वचने संगणकावर शोधता येतील अशी खुली केली. एखादा शब्द कोणत्या शरणाच्या कोणत्या वचनात आला हे आज घरबसल्या पाहता येते. पूर्वी यासाठी जन्म खर्ची पडत असे. काही वर्षांपूर्वी तिकडे असाही वाद झाला की, समग्र वचनांत जातीविषयी बोलणारी वचने मोजली तर ती फारच थोडी भरतात, म्हणून वचन चळवळीला जातिविरोधी म्हणणे योग्य नाही. दुसऱ्या पक्षाने उत्तर दिले की, ज्या चळवळीत मधुवरस-हरळय्यांच्या घरचा विवाह झाला आणि त्यापायी देह गेले, तिचा अर्थ शब्दमोजणीने कसा लागेल? आमचा कौल कोणत्या बाजूला आहे हे वाचकांना सांगायला नको. पण आम्हांस महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. तो वाद होऊ शकला, कारण दोन्ही पक्षांना तेच खंड उघडता येत होते. एकाने मोजले, दुसऱ्याने पुन्हा मोजून पाहिले, शब्द निवडण्यात कुठे चूक झाली ते दाखवले. उद्या मोजण्याचा अधिकार केवळ ग्रंथाच्या धन्याला किंवा त्याला पैसे देणाऱ्याला राहिला, तर तो सांगेल ती संख्या निमूट मानावी लागेल. संशोधनासाठी अपवाद का असावा याचे आमच्या दृष्टीने हे सर्वांत भक्कम कारण आहे. अनुभवमंटपात शून्यसिंहासनावर बसलेल्या अल्लमप्रभूंनाही प्रश्न विचारता येत असे. ज्याला तपासून पाहता येत नाही, त्याला ज्ञान कसे म्हणावे?

विरोधी सद्भक्तांची दुसरी भीती मात्र आम्ही खरी मानतो. अभ्यासक वेचतो आणि ग्रंथाविषयी काही सांगतो. परंतु आता अशी यंत्रे आली आहेत की जी वेचलेल्या शब्दांतून नवे वाक्य बनवतात. त्यांना वचन मागितले तर ती कूडलसंगमदेव हे अंकित शेवटी जोडून, बसवण्णांनी कधीही न उच्चारलेले काहीतरी देऊ शकतात. आपल्या परंपरेत अंकित म्हणजे केवळ सही नव्हे. गुहेश्वर, चन्नमल्लिकार्जुन, कूडलसंगमदेव ही इष्टाशी झालेल्या ऐक्याची मुद्रा आहे. पंधराव्या शतकात शिवगणप्रसादी महादेवय्यांनी शून्यसंपादने रचले तेव्हा त्यांनी शेकडो वचने उचलली, त्यांचा क्रम बदलला, मधे संवादाचे दुवे घातले. परंतु प्रत्येक वचनाखाली ज्याचे त्याचे अंकित तसेच ठेवले. पुढील तीन संकलनकर्त्यांनीही हाच दंडक पाळला. अंकित बदलले तर काय होते हे आपण याच काळात पाहिले. पूज्य माते महादेवी यांनी ‘वचन दीप्ति’त कूडलसंगमदेव ऐवजी लिंगदेव हा शब्द घातला, १९९८ मध्ये कर्नाटक शासनाने तो ग्रंथ जप्त केला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती जप्ती उठवली नाही. ग्रंथ जप्त करावा काय, यावर शरणांत मतभेद आहेत आणि असू शकतात. पण एका शब्दाने समाज किती ढवळला जातो हे त्यातून दिसले. कायद्याच्या कलम ५७ मध्येही ग्रंथकर्त्याला आपले नाव सांगण्याचा आणि विकृतीला हरकत घेण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क ग्रंथ विकल्यावरही उरतो. उचलण्याची मुभा देणारा अपवाद कितीही मोठा केला तरी हा हक्क त्यात बुडता कामा नये.

व्यापाराचा भाग राहतो. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला: आमच्या बातम्या न विचारता घेऊन तुम्ही यंत्र शिकवता आणि आमचाच वाचक पळवता. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाच्या समितीने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील सूचना अशी की, यंत्र शिकविणाऱ्यांना सर्व वैध मजकूर वापरू द्यावा, ग्रंथकर्त्याने नकार देऊ नये, परंतु कमाई होईल तेव्हा त्यातील वाटा ग्रंथकर्त्यांना मिळावा. कंपनीच्या बाबतीत हा विचार आम्हांस गैर वाटत नाही. अंगणातून गाड्या भरून नेणाऱ्याला मारय्यांची सवलत कशी मागता येईल? पण जो संशोधक विकत नाही, ज्याच्या कामाने मूळ पुस्तकाचा खप घटत नाही, त्याला याच पंगतीत बसवणे अन्याय होईल. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध ऑक्सफर्डसारख्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये केलेल्या दाव्यात उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि कॉपीराइट हा काही दैवी किंवा निसर्गसिद्ध हक्क नव्हे, समाजात विद्या वाढावी म्हणून दिलेला हक्क आहे, अशा आशयाचे विवेचन केले. देवाचे नाव घेऊन जगणाऱ्या आम्हां मठवासीयांना न्यायाधीशांनी हे सांगावे लागावे, यात थोडी गंमत आहे.

पावित्र्याचा आक्षेप घेणाऱ्यांना इतकेच सांगायचे की, कल्याणच्या उलथापालथीनंतर चन्नबसवण्णांसह शरण वचनांचे गठ्ठे घेऊन उळवीकडे गेले, असे परंपरा सांगते. त्या वेळी लपवणे हेच रक्षण होते. आज आमच्या कपाटातील बाडांवर सैनिकांची चाल नाही, कसरीची आहे. आणि मराठी भाषिक लिंगायताने तरी परवानगीचा आग्रह फार ताणू नये. निजगुण शिवयोगींचा ‘विवेकचिंतामणी’ शांतलिंगस्वामींनी मराठीत आणला नसता, कपिलधारच्या मन्मथस्वामींच्या ‘परमरहस्या’च्या नकला हातोहात गावोगाव गेल्या नसत्या, तर कर्नाटकापासून इतक्या दूर, या लश्करात आपल्या पूर्वजांजवळ काय उरले असते? त्या नकला करणाऱ्यांनी शेवटी आपले नाव, शक आणि ज्या प्रतीवरून उतरवले तिचा उल्लेख केला आहे. बहुतेकांनी चुकभूल क्षमा करावी असेही लिहिले आहे. परवानगी घेतल्याचा उल्लेख आम्हांस एकाही बाडात आढळला नाही.

या सर्व विचारानंतर मठाने असे ठरविले आहे. बाडांची छायाचित्रे अभ्यासकांना मठात येऊन घेता येतील. बाड बाहेर जाणार नाही. छायाचित्रांची एक प्रत मठाला द्यावी, म्हणजे ती पुढच्या अभ्यासकालाही देता येईल. निघालेली शब्दसूची, पाठभेद वा तक्ता विकत न ठेवता सर्वांसाठी खुला असावा. बाडाचे नाव, लेखनकाराचे नाव आणि पानाचा अंक प्रत्येक ठिकाणी राहावा. जितके काम हाती घेतले असेल तितकीच पाने घ्यावीत. कंपन्यांनी वेगळे लिहावे. त्यांचा विचार वेगळा होईल.

मासिकाच्या जुन्या अंकांचे तसे नाही. त्यांतील वचनविवरणे ज्यांनी लिहिली त्यांपैकी काही हयात आहेत, काहींना लिंगैक्य होऊन साठ वर्षे झालेली नाहीत. संशोधनासाठी कायद्याने जी मोकळीक आहे ती आहेच. तरीही पडदा नको म्हणून त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना आधी कळवावे असे आम्हांस वाटते. बऱ्याच लेखांखाली केवळ ‘एक शरण’ किंवा ‘बसवदास’ एवढेच आहे. हे लेखक कोण, याची माहिती ज्या जुन्या वर्गणीदारांना असेल त्यांनी, आणि ज्यांच्या वडिलांचे वा आजोबांचे लेख या मासिकात आले असतील त्यांनी, श्रावण मासापूर्वी मठाच्या कार्यालयात पत्राने कळवावे. कोणाची हरकत असल्यास तीही मोकळेपणाने लिहावी. त्यांचा लेख बाजूला ठेवून बाकीचे काम सुरू होईल.